बँकॉकची ती इमारत नेमकी कशाने पडली? इथे रोज नवी कहाणी ऐकते आहे

मीनल बँकॉक

नमस्कार मंडळी. इथे कुणी बांधकाम क्षेत्रातलं असेल तर मला खरंच मदत हवी आहे.

मी बँकॉकमध्ये ऑन नुट भागात राहते, काँडोच्या एकविसाव्या मजल्यावर. २८ मार्च २०२५ ला दुपारी म्यानमारचा भूकंप झाला तेव्हा मी घरातच होते. मोठे झटके नव्हते. सगळी इमारत संथपणे इकडून तिकडे झुलत होती आणि शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पोहण्याच्या तलावातलं पाणी धबधब्यासारखं खाली पडत होतं. मुलीला घेऊन जिन्याने खाली उतरले. तासाभरात सगळ्यांच्या फोनवर तो व्हिडिओ आला: चातुचाकला बांधकाम चालू असलेली स्टेट ऑडिट ऑफिसची ३० मजली इमारत काही सेकंदांत जमीनदोस्त.

तेव्हापासून आमच्या काँडोच्या ग्रुपवर रोज नवं कारण येतं. आधी म्हणाले भूकंपच तेवढा मोठा होता. मग चिनी कंपनीची सळई कच्ची निघाली. मग कुणी चार चिनी माणसं साइटवरून फायली पळवताना पकडली गेल्याची बातमी टाकली. मग म्हणे लिफ्टची भिंत बारीक केली होती. एका इंजिनिअरने तर कागदावरची सही आपली नाहीच म्हणून सांगितलं. ३० जूनला पंतप्रधानांनी जाहीर केलं की डिझाइन आणि बांधकाम दोन्हीत दोष होते, तरी ग्रुप आपला सळईवरच अडून बसलाय. नाशिकहून आई फॉरवर्ड पाठवते, ते आणखी वेगळंच असतं.

आमच्याही हॉलच्या भिंतीत बारीक भेगा पडल्यात. नवरा म्हणतो फ्लॅट विकून टाकू. ही कारणं खरी-खोटी कशी ओळखायची आणि आमच्या इमारतीबद्दल काय समजायचं, कुणी नीट सांगेल का?

---

सुधीर दे.

मीनलताई, यात कोडं काय आहे? सरकारी लॅबनेच सळई तपासली आणि नापास केली. ज्या कारखान्याची ती सळई, त्याला आधीच टाळं लागलं होतं. कंत्राटात चिनी सरकारी कंपनीची शाखा भागीदार. शहरात हजारो उंच इमारती उभ्या आणि नेमकी हीच कोसळते, याचा अर्थ उघड आहे. बाकी सगळा प्रकरणाला फाटे फोडण्याचा प्रकार वाटतो.

---

वैशाली ठाणे

मीनल, तुझी पोस्ट वाचून लगेच लिहायला बसले. मी आरसीसी कन्सल्टंट आहे, म्हणजे इमारतींच्या काँक्रीटच्या सांगाड्याचं काम बघते. सुरुवातीची वर्षं साइटवर गेली, आता ड्रॉइंग तपासते आणि जुन्या इमारतींचं ऑडिट करते. उत्तर लांबेल, तेवढं सांभाळून घे.

आधी "भूकंपच तेवढा मोठा होता" हे घेऊ, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे आहे. ७.७ तीव्रतेचा भूकंप म्यानमारमधल्या मंडालेजवळ झाला. बँकॉक तिथून हजार किलोमीटरवर. इतक्या लांब येईपर्यंत जमिनीचे झटपट हादरे विरून जातात, पण संथ हेलकावे पोहोचतात. त्यात बँकॉक वसलंय मऊ चिखलमातीच्या जाड थरावर, आणि ती माती नेमके हे संथ हेलकावेच वाढवते. दोन मजली घराला त्यांचं फारसं काही वाटत नाही. उंच इमारतीची स्वतःची डुलण्याची लय मात्र दोन-तीन सेकंदांची असते, त्यामुळे तिला ते बरोबर पकडतात. तू पाहिलेलं तलावाचं पाणी त्याचंच लक्षण. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत हेच घडलं होतं. भूकंपाचं केंद्र दूर पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, आणि नासधूस झाली जुन्या तलावाच्या गाळावर वसलेल्या शहरातल्या मधल्या उंचीच्या इमारतींची. आपल्याकडे २००१ मध्ये भूजच्या भूकंपाने दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती पाडल्या, त्याही निवडून. खाली पार्किंगसाठी नुसते खांब सोडलेल्या बऱ्याचशा.

म्हणजे त्या दिवशी बँकॉकच्या उंच इमारतींची परीक्षा झाली हे खरं. पण थायलंडमध्ये बँकॉकच्या मऊ मातीसाठी भूकंपाचा नियम २००७ पासून आहे आणि ही इमारत त्यानंतर कितीतरी वर्षांनी बांधायला घेतली. शिवाय त्याच दुपारी शहरात बांधकाम चालू असलेल्या इतर कितीतरी इमारती, डोक्यावर क्रेन घेऊन, उभ्या राहिल्या. भूकंपाने धक्का दिला, त्याने ती पडायचं कारण नव्हतं.

आता ती उभी कशी होती ते बघ. बातम्यांत आलंय की ती फ्लॅट स्लॅबची होती. म्हणजे बीम नाहीत, स्लॅब सरळ कॉलमवर टेकलेला. मुंबई-पुण्याच्या ऑफिस इमारतींमध्ये हे सर्रास असतं, छताची उंची वाचते, एसीचे डक्ट न्यायला सोपं जातं. वजन उभं पेलायला ही पद्धत चांगली आहे. आडव्या हेलकाव्याला ती फार कमकुवत, कारण कॉलम आणि बीमची जी घट्ट चौकट असते ती इथे नसते. इमारत डुलायला लागली की कॉलमभोवतालचा स्लॅब फाटू लागतो आणि कॉलम त्यातून आरपार निघू शकतो. आम्ही त्याला पंचिंग म्हणतो. म्हणून अशा इमारतीत आडवा जोर जवळजवळ सगळा लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंतींनी घ्यायचा असतो. तो इमारतीचा गाभा. तो शाबूत तर इमारत शाबूत.

या इमारतीत तो गाभा मधोमध नव्हता, मागच्या अंगाला होता. असं असलं की इमारत नुसती डुलत नाही, पिळते. दार बिजागरीवर फिरावं तशी पुढची बाजू गाभ्याभोवती फिरायला बघते आणि पुढच्या कॉलमांना सर्वांत जास्त ओढ बसते. याचा हिशेब करता येतो, करून भिंती जाडही करता येतात. इथे उलटं झालं. काम चालू असताना ड्रॉइंग बदललं आणि गाभ्याच्या भिंतीची जाडी ३० सेंटीमीटरची २५ केली, ही गोष्ट चौकशीत पुढे आली.

पाच सेंटीमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण साइटवर त्या पाच सेंटीमीटरचं काय होतं ते सांगते. भिंतीत गजांच्या दोन जाळ्या असतात, दोन्ही तोंडांना एकेक. मधे जागा कमी झाली की जिथे गजांवर गज चढवून जोड दिलेला असतो तिथे इतकी दाटी होते की काँक्रीट हलवून खाली बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई आत जात नाही. काँक्रीट खाली पोहोचतच नाही, खडी वरच अडकते. शटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, खोललं की मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात, म्हणूनच त्याला हनीकोंब म्हणतात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा फासून मोकळं होतं. कागदावर २५ सेंटीमीटरची भिंत आणि प्रत्यक्षात त्या पट्ट्यात धड पंधराही नाही. चातुचाकला नेमकं असं झालं असा माझा दावा नाही. जाडी कमी करणाऱ्याने फक्त आकडा बदलला असं समजू नकोस, एवढाच मुद्दा आहे.

म्हणून ३० जूनला तेव्हाच्या पंतप्रधान पैतोंगतार्न शिनावात यांनी जे जाहीर केलं, की लिफ्ट आणि जिन्याच्या भिंतींची रचनाही नियमाला धरून नव्हती आणि बांधणीही, ते मला पटण्यासारखं वाटतं. व्हिडिओतही ते दिसतं. इमारत वरून कोसळत नाही. खालचे मजले आधी जातात आणि वरचा सगळा भाग जवळजवळ अखंड खाली बसतो. जे काही तुटलं ते खाली तुटलं, सर्वांत जास्त जोर असतो तिथे.

अशी कुठलीही बातमी आली की मी आधी एकच विचारते: पहिल्यांदा काय तुटलं? "कुणी केलं" हा प्रश्न त्याच्यानंतरचा. लोक उलट करतात, आधी माणूस पकडतात आणि मग त्याला शोभेल असं कारण शोधतात.

---

सुधीर दे.

वैशालीताई, तुमचं म्हणणं अभ्यासपूर्ण आहे. पण सळई नापास झाली ना? ती बातमी खोटी तर नाही. मग तिला एवढं बाजूला का सारता?

---

वैशाली ठाणे

सुधीरजी, बाजूला सारत नाही. बातमी खरी आहे. ढिगाऱ्यातून घेतलेल्या नमुन्यांत एका कंपनीचा २० मिलिमीटरचा गज वजनाला कमी भरला आणि ३२ मिलिमीटरचा ताकदीला. ती सळई सरकारी इमारतीत शिरली कशी, याची चौकशी झालीच पाहिजे. पण तिच्यावर किती भार टाकायचा ते बघू.

साइटवरच्या प्रत्येक पोराला एक हिशेब तोंडपाठ असतो: व्यासाचा वर्ग भागिले १६२. म्हणजे २० चा गज मीटरला २.४७ किलो, ३२ चा ६.३२ किलो. गाडी आली की एक मीटरचा तुकडा कापायचा आणि काट्यावर ठेवायचा. पाच मिनिटांचं काम आहे. कमी भरला तर गाडी परत. आता बघा, डिझाइन करताना आम्ही सळईची ताकद १.१५ ने भागून घेतो, काँक्रीटची १.५ ने, आणि वर भार वाढवून धरतो. थायलंडच्या नियमांत आकडे वेगळे असतील, रीत तीच. त्यामुळे गज थोडा हलका निघाला म्हणून ३० मजले असे बसत नाहीत. बसतात तेव्हा त्याच्या जोडीला आणखी काही गेलेलं असतं.

दुसरं, आणि हे बातम्यांत कुणी फारसं सांगितलं नाही. ढिगाऱ्यातला गज हा दुकानातला गज नसतो. इमारत पडताना तो ओढला जातो, लांबतो, बारीक होतो. लांबलेल्या गजाचा एक मीटर कापून तोलला तर तो हलकाच भरणार. ताकदीच्या चाचणीतही ओढलेला गज वेगळा वागतो. म्हणून नमुना घेताना न वाकलेला, न ताणलेला तुकडा शोधावा लागतो, शक्यतो गोदामात पडून राहिलेल्या त्याच मालातला. नमुना कुठून घेतला, कुणासमोर घेतला, पिशवी कुणी सील केली हे माहीत असल्याशिवाय "नापास" या शब्दावर मी फाशीही देणार नाही आणि सोडणारही नाही.

म्हणूनच त्या फायलींच्या बातमीने मला सळईच्या बातमीपेक्षा जास्त अस्वस्थ केलं. इमारत पडल्यानंतर दुसऱ्या दिवशी चार माणसं साइटच्या ऑफिसातून ३२ फायली बाहेर नेताना सापडली. सळई ढिगाऱ्यात राहतेच, पुन्हा उकरता येते. पण ड्रॉइंगची कितवी दुरुस्ती कुणाच्या सहीने झाली, कुठल्या तारखेला कुठली भिंत भरली, काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचे (क्यूबचे) निकाल काय आले, हे फक्त कागदावर असतं. ते गेलं की चौकशी आंधळी.

आणि सळई लोकांना का पटते तेही समजतं मला. ती हातात धरता येते, टीव्हीवर दाखवता येते, मंत्री तिच्यासोबत उभा राहू शकतो. ड्रॉइंगमधली चूक अशी दाखवता येत नाही. "चिनी सळई" म्हटलं की ज्याने भिंत बारीक केली, ज्याने त्यावर सही केली, ज्याने देखरेखीचे पैसे घेतले, ते सगळे सुटकेचा श्वास घेतात. मे महिन्यात थाई पोलिसांच्या मागणीवरून कोर्टाने १७ जणांविरुद्ध वॉरंट काढली, त्यात डिझाइनवाले, देखरेखवाले आणि बांधणारे तिन्ही होते. मला ते योग्य वाटलं. ही इमारत म्हणजे सरकारचा पैसा नीट खर्च होतो की नाही हे तपासणाऱ्या खात्याचं मुख्यालय, दोनशे कोटी बाथहून मोठं काम. तिथे एवढ्या सह्या असूनही कुणाच्या लक्षात आलं नाही, याचा जाब एकट्या सळईला विचारून कसं चालेल?

पहिला अंदाज किती अपुरा असतो त्याचं एक उदाहरण देते. ११ जानेवारी २०२२ ला दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात ३९ मजली इमारतीच्या वरच्या स्लॅबचं काम चालू होतं. अचानक वरून पंधरा-सोळा मजल्यांचा एक भाग कोसळला, सहा कामगार गेले. कडाक्याची थंडी होती, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळे म्हणाले, थंडीत काँक्रीट धरलंच नाही. तपासात काँक्रीट कमी ताकदीचं निघालंही. पण मूळ कारण वेगळं होतं. वरच्या मजल्यावर काम करायची पद्धत परस्पर बदलून भार वाढवला होता, आणि खालच्या तीन मजल्यांचे टेकू आधीच काढून टाकले होते. "थंडी" वर थांबले असते तर टेकू कुणी काढायला सांगितले हे कुणी विचारलंच नसतं.

---

रमाकांत साइटवाला

मी डिझाइनमधला नाही, लेबर सांभाळतो. वैशालीताईंनी तांत्रिक सांगितलं, मला माणसांचं सांगायचंय.

त्या इमारतीत जवळपास ९० माणसं गेली. थायलंडच्या ईसान भागातले गरीब आणि म्यानमारचे मजूर. मे महिन्यापर्यंत ढिगारा उपसत होते. नातेवाईक तिथे मंडपात बसून होते, डीएनए देत होते. आणि पहिले काही दिवस आत नक्की किती माणसं होती हाच आकडा रोज बदलत होता.

आकडा का बदलतो ते आम्हाला ठाऊक आहे. मेन कंत्राटदार, त्याच्या खाली सब, सबच्या खाली मुकादम, मुकादमाच्या खाली टोळी. हजेरीचं मस्टर मुकादमाच्या वहीत. सकाळी तीन माणसं जास्त आली तर ती वहीत चढतीलच असं नाही, संध्याकाळी पगाराच्या वेळी चढतात. दुपारी दीडला इमारत पडली तर ती तीन माणसं कुठेच नसतात. बाहेर देशातून आलेला, कागद नसलेला मजूर तर अजिबात नाही. त्याची बायको विचारायला यायलाही घाबरते.

२०१६ ला पुण्यात बालेवाडीला स्लॅब भरताना ९ मजूर गेले. तेव्हाही टीव्हीवर चर्चा काय, तर किती मजल्यांची परवानगी होती. महत्त्वाचीच आहे ती चर्चा. पण वरती उभा असलेला माणूस कुठल्या गावचा, हे शोधायला लोकांना वणवण करावी लागते. मी माझ्या साइटवर गेटवरच नाव, गाव, घरचा फोन लिहिल्याशिवाय कुणाला वर सोडत नाही. मुकादम चिडतात. चिडू देत.

---

वैशाली ठाणे

रमाकांतदादा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मी ठाण्याची. ४ एप्रिल २०१३ ला संध्याकाळी शिळफाट्याला लकी कंपाउंडची इमारत पडली. सात मजले झाले होते, वर काम चालू होतं आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायला आणून ठेवली होती. ७४ माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. त्या आठवड्यात रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येक जण मला विचारायचा, रेती खाडीची होती का हो? मी म्हणायचे, रेती असेलही खाडीची, पण बेकायदा इमारत दिवसाढवळ्या सात मजले वर जाते तेव्हा खालून रोज किती जण जातात ते मोजा. पुढे बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारीही अटकेत गेले. खाडीच्या रेतीवर थांबले असते तर ते झालं नसतं.

---

मीनल बँकॉक

वैशालीताई, रमाकांतदादा, खूप खूप आभार. पहिल्यांदाच कुणीतरी नीट समजावून सांगितलं. मंडपात बसलेल्या त्या लोकांचे फोटो मीही पाहिले होते, दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता आमच्याबद्दल. भूकंपानंतर इथल्या गव्हर्नरांनी, चातचात सित्तिफन्त यांनी, लोकांना ट्रॅफी फोंड्यू नावाच्या ॲपवर भेगांचे फोटो टाकायला सांगितले. मीही टाकले. "धोका नाही" असं उत्तर आलं. पण नुसत्या फोटोवरून कसं कळतं? ३१ मार्चला तर मोठमोठ्या सरकारी ऑफिसांतले लोकही पुन्हा हादरा बसला म्हणून खाली पळाले होते, आणि नंतर कळलं की तसं काहीच नव्हतं. त्यामुळे कशावरच विश्वास बसत नाही. आमच्या भेगा हॉलमध्ये आहेत, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या वर गेलेल्या, आणि एक सरळ उभी, जिथे भिंत खांबाला मिळते तिथे. इमारत २०१६ ची आहे.

---

वैशाली ठाणे

मीनल, भूकंपाच्या वेळचे तुमचे गव्हर्नर स्वतः स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत, त्यामुळे फोटोंची ती कल्पना उगीच काढलेली नव्हती. हजारो फोटोंतून कुठे आधी माणूस पाठवायचा हे ठरवायला ती उपयोगी पडते. तुझ्या भेगांच्या वर्णनावरून मलाही धोका नाही असंच वाटतं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरपी आणि भिंत-खांबाच्या जोडावरची उभी, या दोन्ही विटेच्या किंवा ब्लॉकच्या पडदी भिंतीच्या भेगा असतात. इमारत डुलली की खांब थोडे वाकतात, पडदी भिंत तेवढी वाकू शकत नाही, ती जोडावर सुटते. त्या भिंती काढून टाकल्या तरी इमारत उभी राहते. (बांधकाम चालू असलेल्या इमारतीत या भिंती बहुधा नसतात, त्यामुळे उघडा सांगाडा जास्त डुलतो. चातुचाकच्या बाबतीत हेही ध्यानात घ्यायला हवं.)

पण फोटोवर विसंबून राहू नकोस. एक दिवस वेळ काढ, टॉर्च घे आणि पार्किंगच्या मजल्यांवर जा. तिथे कॉलम आणि लिफ्टच्या भिंती गिलाव्याशिवाय उघड्या दिसतात, घरात त्या रंगाखाली झाकलेल्या असतात. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला बघ. लिफ्टच्या भिंतीवर सर्वांत खालच्या दोन-तीन मजल्यांवर बघ. तिरप्या भेगा एकमेकींना छेदून फुलीसारख्या दिसल्या, काँक्रीटचा पापुद्रा सुटून आत गज दिसला, किंवा बीम नसेल तर कॉलमच्या डोक्याभोवती छताला गोलाकार भेग दिसली, तर त्या दिवशी घरी न जाता आधी ऑफिसला कळव. नुसती केसासारखी आडवी रेघ दिसली तर घाबरू नकोस. बहुतेक वेळा तो वेगवेगळ्या दिवशी भरलेल्या काँक्रीटमधला जोड असतो.

जिना उतरताना पायऱ्या भिंतीला मिळतात तिथेही बघ. आणि लिफ्ट पूर्वीपेक्षा खडखडते का, मुख्य दार अडकायला लागलंय का, हे वॉचमन आणि सफाईवाल्या बायकांना विचार. त्यांना रहिवाशांच्या आधी कळतं.

---

मीनल बँकॉक

आज संध्याकाळीच जाते. ज्युरिस्टिक ऑफिसमधून, म्हणजे काँडोच्या व्यवस्थापनाकडून, कुठले कागद मागू? ते म्हणतात इंजिनिअर येऊन गेला, सगळं ठीक आहे, पण दाखवत काहीच नाहीत.

---

वैशाली ठाणे

"ठीक आहे" हे लेखी माग. कुणी तपासलं, त्याचा परवाना क्रमांक काय, कुठले मजले पाहिले, लिफ्टच्या भिंती उघड्या करून पाहिल्या की रंगावरूनच, हे त्या कागदावर असलं पाहिजे. एकट्या तू मागितलंस तर टाळतील, म्हणून ग्रुपवरच्या दहा-बारा जणांच्या सह्या घे. सळईवर भांडणारी तीच मंडळी सही करतील बघ, त्यांनाही घराचीच काळजी आहे. जमलं तर मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंगचा संच ऑफिसात आहे का तेही विचार. इमारतीत बीम आहेत की फ्लॅट स्लॅब, आणि गाभा मधे आहे की एका अंगाला, हे त्यावरून लगेच कळेल.

पार्किंगमधले फोटो इथे टाक. कॉलमशेजारी पट्टी किंवा नाणं धरून काढ म्हणजे भेगेची रुंदी कळेल, आणि मजल्याचा नंबर लिही. मी आणि इथले आणखी कुणी इंजिनिअर असतील ते बघू. फ्लॅट विकायचं त्यानंतर ठरवा.

---

सुधीर दे.

मीनलताई, ऑफिसला द्यायच्या पत्राचा मजकूर तयार झाला की इथे टाका. माझा मेहुणा बँकॉकमध्ये असतो, त्याच्याकडून थाई भाषेत करून देतो. त्यांच्या इमारतीलाही तोच कागद मागायला सांगतो.

---

मीनल बँकॉक

नक्की टाकते सुधीरदादा. आत्ताच तिसऱ्या पार्किंग मजल्यावरून वर आले. लिफ्टच्या भिंतीवर एक आडवी रेघ आहे, केसाएवढी, तिरपी कुठेच नाही. पाचव्या मजल्यावर एका कॉलमच्या वरच्या टोकाला तळहाताएवढा नवा गिलावा दिसला, बाजूच्या काँक्रीटपेक्षा रंग वेगळा. नाणं धरून फोटो काढलेत, आता चढवते.

---

वैशाली ठाणे

तो गिलाव्याचा फोटो आधी चढव. आणि तिथे कुणी, कधी आणि का गिलावा केला हे उद्याच्या पत्रात पहिलं लिही.